विश्लेषण : पऱ्हाटीपासून सक्रिय कार्बन तयार होतो, मग ती बांधावर का जळते?

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यापुढे प्रश्न उरतो तो उभ्या पऱ्हाटीचा. हिरवा पाला आणि कच्ची बोंडे शेळ्या-मेंढ्या खातात, पण टणक काडी कोणतेही जनावर खात नाही. नांगरटीत गाडली तर ती लवकर कुजत नाही. उपटायला मजूर किंवा ट्रॅक्टर लावावा लागतो आणि त्याचा खर्च हंगाम संपताना, हातातला पैसा देण्याघेण्यात गेलेला असताना करावा लागतो. थोडी पऱ्हाटी सरपणाला जाते, थोडी कुंपणाला. उरलेली बांधावर ढीग घालून पेटवली जाते. हीच काडी बंद भट्टीत योग्य रीतीने तापवली तर तिच्यापासून ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ अर्थात सक्रिय कार्बन तयार होऊ शकतो. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रापासून रंगकारखान्यांच्या सांडपाण्यापर्यंत त्याला मागणी आहे. प्रयोगशाळांनी हे अनेकदा सिद्ध केले आहे. तरीही पऱ्हाटी जळतेच आहे. ती नेमकी कुठे अडते, याचा हा आढावा.

सक्रिय कार्बन म्हणजे काय?

दिसायला तो साध्या कोळशाची भुकटी किंवा बारीक खडे. फरक आत असतो. सक्रिय कार्बनच्या प्रत्येक कणात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यातील सर्वांत लहान छिद्रांचा व्यास दोन नॅनोमीटरपेक्षा कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण चाळीस हजाराव्या भागाइतका असतो. या छिद्रांच्या भिंतींचे एकत्रित क्षेत्रफळ चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कार्बनमध्ये सुमारे १००० चौरस मीटर भरते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कार्बनमध्ये जवळपास दहा गुंठे जमीन!

पाण्यातील किंवा हवेतील नको असलेले रेणू या भिंतींना चिकटून बसतात. या क्रियेला ‘अधिशोषण’ म्हणतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण. रेणू पृष्ठभागावर चिकटतात ते अधिशोषण. त्यामुळे पृष्ठभाग जितका जास्त, तितकी चिकटण्यासाठी जागा जास्त. रंगद्रव्ये, दुर्गंधी, कीटकनाशकांचे अंश आणि अनेक सेंद्रिय रसायने अशा प्रकारे पकडली जातात. पाण्यातील क्लोरीनही कार्बनशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे निघून जातो. म्हणूनच घरगुती ‘आरओ’ यंत्रात पडद्याच्या आधी कार्बनची नळी बसवलेली असते. ती नसेल, तर क्लोरीनमुळे पडदा लवकर खराब होतो.

साध्या कोळशाचे सक्रिय कार्बनमध्ये रूपांतर कसे होते?

त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला वाफेचा. आधी काडी किंवा करवंटी हवा न लागू देता साधारण ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवतात. त्यातील पाणी, वायू आणि डांबरासारखे द्रव बाहेर पडून कोळसा उरतो. नंतर हा कोळसा फिरत्या भट्टीत ८०० ते १००० अंशांवर नेऊन त्यावर वाफ सोडतात. वाफ कोळशातील काही कार्बनशी संयोग पावते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू तयार होतात आणि जिथला कार्बन निघून गेला तिथे छिद्र पडते. थोडक्यात, कोळसा आतून पोखरायचा. जास्त पोखरला तर क्षेत्रफळ वाढते, पण हाती येणारा माल घटतो आणि खडा ठिसूळ होतो. भट्टी चालवणाऱ्याचे कसब हा मध्य साधण्यात आहे.

दुसरा मार्ग रसायनांचा. कच्चा माल फॉस्फोरिक आम्ल, झिंक क्लोराइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मुरवून नंतर तापवतात. फॉस्फोरिक आम्लासाठी ४०० ते ६०० अंश तापमान पुरते आणि लाकडी मालातून उतारा वाफेच्या पद्धतीपेक्षा बराच जास्त मिळतो. मात्र तयार कार्बन धुऊन आम्ल परत मिळवावे लागते. ते नीट झाले नाही तर कारखान्याचा नफाही वाहून जातो आणि गावाचा नालाही बिघडतो.

शेतातील काडीकचऱ्याशी त्याचा संबंध किती जुना?

१७८५ मध्ये रशियात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोवित्झ यांना कोळशामुळे द्रावणाचा रंग उडतो, असे आढळले. पुढे साखर कारखान्यांनी रस स्वच्छ करण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. खरी गरज भासली ती पहिल्या महायुद्धात. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळसा वापरलेला मुखवटा तयार केला. अमेरिकेत १९१८ मध्ये नागरिकांना पीच आणि इतर फळांच्या बिया, अक्रोडासारखी टणक टरफले जमा करण्याचे आवाहन करण्यात आले. कारण टणक टरफलाचा कोळसा वायू पकडण्यात लाकडी कोळशापेक्षा सरस ठरत होता. म्हणजे ‘शेतकचऱ्यापासून सक्रिय कार्बन’ ही नवी कल्पना नाही. एका शतकापूर्वी ती युद्धाची गरज होती.

मग बाजारात करवंटीचाच बोलबाला का?

नारळाची करवंटी घट्ट आणि टणक असते, तिच्यात राख अत्यंत कमी असते. तिच्यापासून मिळणाऱ्या कार्बनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे प्रमाण मोठे असते आणि खडा सहज झिजत नाही. सोन्याच्या खाणीत द्रावणातून सोने वेगळे करण्यासाठी वापरला जाणारा कार्बन टाक्यांमध्ये सतत घुसळला जातो. तिथे करवंटीचाच कार्बन टिकतो. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे देश या व्यापारात पुढे आहेत. आपल्याकडे तो प्रामुख्याने तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या नारळाच्या पट्ट्यात वाढला.

पण करवंटीच्या यशाचे आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. खोबरे काढण्यासाठी नारळ आधीच एका जागी आलेला असतो. करवंटी गोळा करण्याचा वेगळा खर्च जवळजवळ नसतो. इतर शेतकचऱ्याची गणिते इथेच चुकतात.

महाराष्ट्रातील इतर अवशेष चालतील का?

सगळे सारखे चालत नाहीत. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांतील तूस एका जागी मिळतो, पण जळल्यावर त्याची १५ ते २० टक्के राख उरते आणि त्यातील बहुतांश सिलिका असते. ती काढण्यासाठी पुन्हा रसायने लागतात. उसाचा बगॅसही एका जागी मिळतो; परंतु साखर कारखान्यांत तो बॉयलरमध्ये जातो, त्यावर वीज तयार होते. त्याला कचरा म्हणणेच चुकीचे. उसाचे पाचट हलके, पसरलेले आणि जास्त राखेचे.

उरतात ती पऱ्हाटी आणि तुराटी. या दोन्ही काड्या रचनेने लाकडाच्या जवळच्या आहेत. त्यांतील लिग्निन हा घटक कोळशाचा सांगाडा धरून ठेवतो आणि राख तुसाच्या तुलनेत बरीच कमी असते. करवंटीइतका टणक खडा त्यांच्यापासून मिळणार नाही. मात्र सांडपाण्यातील रंग काढण्यासाठी जी भुकटी वापरतात, तिच्यासाठी टणकपणापेक्षा मध्यम आकाराची छिद्रे महत्त्वाची असतात, कारण रंगाचे रेणू मोठे असतात. त्या कामासाठी काडीचा कार्बन योग्य ठरू शकतो. इचलकरंजी आणि सोलापूरसारख्या कापडनिर्मितीच्या शहरांत रंगीत सांडपाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. म्हणजे कच्चा मालही राज्यात आहे आणि त्याची गरजही राज्यातच आहे.

पऱ्हाटी शेतातून लवकर हलवणे का गरजेचे?

याचे उत्तर बोंडअळीत आहे. गुलाबी बोंडअळी न वेचलेल्या बोंडांत आणि शेतातील अवशेषांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा डोके वर काढते. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे प्रचंड नुकसान केले. तेव्हापासून कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे दरवर्षी एकच सल्ला देतात : फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका. सल्ला बरोबर आहे. पण पऱ्हाटी उपटायची आणि मग तिचे करायचे काय, याचे पैशांत मांडलेले उत्तर शेतकऱ्याला मिळत नाही. म्हणून तो काडी ओढतो. मुंबईत माटुंग्याला असलेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट तयार करण्यावर अनेक वर्षे काम करत आहे. सक्रिय कार्बन हा या यादीतील सर्वांत जास्त मूल्याचा, पण सर्वांत अवघड पर्याय आहे.

एका हेक्टरमधून किती कार्बन मिळेल?

हेक्टरी साधारण दोन टन वाळलेली पऱ्हाटी धरू. बंद भट्टीत तिचा २५ ते ३० टक्के, म्हणजे ५०० ते ६०० किलो कोळसा होईल. वाफेने सक्रिय करताना त्यातील निम्म्याहून अधिक भाग जातो. करवंटीच्या उद्योगातही एक टन सक्रिय कार्बनसाठी साधारण तीन टन कोळसा लागतो. म्हणजे एका हेक्टरमधून हाती पडतील ते साधारण १७० ते २०० किलो.

आता कारखान्याच्या बाजूने पाहू. रोज १० टन सक्रिय कार्बन तयार करणारा आणि वर्षाला ३०० दिवस चालणारा कारखाना असेल, तर त्याला वर्षाला ३००० टन उत्पादनासाठी साधारण १५ ते १८ हजार हेक्टरवरील पऱ्हाटी लागेल. ती ३० ते ३६ हजार टन भरते. राज्यात कापसाखालील क्षेत्र साधारण ४० लाख हेक्टर आहे, त्यामुळे माल कमी पडणार नाही. उलट, सगळ्या पऱ्हाटीचा कार्बन केला तर तो घेणारी बाजारपेठच नाही. ‘राज्यातील सर्व कापूस उत्पादकांना कार्बनमधून उत्पन्न’ असे स्वप्न कोणी दाखवत असेल तर हे गणित त्याच्यासमोर ठेवावे. हा काही मोजक्या तालुक्यांना उपयोगी पडेल असा उद्योग आहे. तेवढा झाला तरी तो लहान नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण वाहतुकीची. उपटलेली पऱ्हाटी फांद्या पसरून ट्रॉलीत भरली की ट्रॉली दिसायला भरलेली, वजनाला रिकामी. वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे ती नेणे परवडेनासे होते. म्हणून शेतातच यंत्राने तिचे तुकडे करावे लागतात.

दुसरी अडचण वेळेची. पऱ्हाटी मिळते दोन-तीन महिन्यांत. भट्टी चालायला हवी वर्षभर. मधले महिने हजारो टन काडी साठवायची तर पावसाचे आणि आगीचे भय. ओली काडी भट्टीत गेली तर अर्धी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते.

तिसरी अडचण स्पर्धेची. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत पाच टक्के जैवभार जाळावा, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही मोठी वीज केंद्रे कापसाच्या पट्ट्याला लागूनच आहेत. पेलेट तयार करणे सक्रिय कार्बनपेक्षा कितीतरी सोपे. त्यामुळे जिथे काडी गोळा होते, तिथे ती आधी पेलेटवाल्याकडे जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. दोन गिऱ्हाईके असली तर भाव मिळतो. कार्बनच्या कारखान्याने मात्र ‘फुकटचा कचरा’ गृहीत धरून आराखडा मांडला तर तो पहिल्याच हंगामात कोलमडतो. ज्या दिवशी कचऱ्याला गिऱ्हाईक मिळते, त्या दिवसापासून तो फुकट राहत नाही.

आणि एक बाजू सहसा हिशेबात येत नाही. भूमिहीन कुटुंबांच्या चुली आजही पऱ्हाटी-तुराटीवर पेटतात. गॅस सिलिंडर घरात असला तरी तो पुरवून वापरला जातो. उद्या सगळी काडी वजनावर विकली जाऊ लागली तर या घरांचे सरपण कुठून येणार, याचाही विचार योजनेत असायला हवा.

हा उद्योग खरोखरच ‘हरित’ आहे का?

तो कसा चालवला जातो, यावर ते अवलंबून आहे. कोळसा पाडण्याची स्वस्त रीत म्हणजे जमिनीत खड्डा किंवा पत्र्याचे पिंप. त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि डांबरी वाफा असतात. करवंटी अशा खड्ड्यांत भाजणाऱ्या भट्ट्यांविरुद्ध तमिळनाडूत गावकऱ्यांनी तक्रारी केल्या आहेत. बांधावरचा धूर थांबवून तोच गावाशेजारच्या भट्टीतून काढायचा, तर साधले काय? सुधारित बंद भट्टीत हे वायू बाहेर न सोडता जाळले जातात आणि त्याच उष्णतेवर पुढची काडी भाजली जाते. यंत्रणा महाग पडते, पण इंधन वाचते आणि धूर जवळपास संपतो.

वापरून झालेल्या कार्बनचेही पाहावे लागते. तो पुन्हा तापवून वापरता येतो. प्रत्येक वेळी साधारण पाच ते दहा टक्के घट येते. ज्या कार्बनने विषारी रसायने पकडली, तो स्वतःच धोकादायक होतो. केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत वापरलेल्या कार्बनचा समावेश आहे. तो उकिरड्यावर टाकला तर पकडलेले विष पुन्हा मोकळे होण्याचा धोका राहतो.

दर्जा कसा ठरतो? सगळे पाणी त्याने शुद्ध होते का?

बाजारात पहिला प्रश्न असतो ‘आयोडीन नंबर’ किती? एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन पकडतो, तो हा आकडा. पाण्यासाठीच्या चांगल्या कार्बनचा तो साधारण ९०० ते ११०० असतो. रंग पकडण्याची ताकद मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगावर तपासतात. राख, ओलावा आणि टणकपणा हे निकष वेगळे. दर खेपेला हे आकडे बदलत राहिले तर मोठा ग्राहक दुसऱ्यांदा माल घेत नाही. वेगवेगळ्या शेतांतून, मातीसकट आलेल्या पऱ्हाटीची खरी परीक्षा इथे होते.

सक्रिय कार्बन सर्वगुणसंपन्न नाही. पाण्यातील क्षार, कठीणपणा, नायट्रेट तो काढत नाही. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे. त्यावर साधा सक्रिय कार्बन उपयोगाचा नाही. त्यासाठी सक्रिय ॲल्युमिना किंवा नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली, तुरटी-चुन्यावर आधारित नालगोंडा पद्धत वापरली जाते. तसेच घरी चुलीतील कोळसा कुटून पाण्यात टाकणे किंवा औषध म्हणून घेणे हा सक्रिय कार्बनला पर्याय नव्हे. विषबाधेत रुग्णालयात दिला जातो तो औषधी दर्जाचा, तपासलेला माल असतो.

काय व्हायला हवे?

आजवर भर राहिला तो ‘पऱ्हाटीपासून काय काय तयार होते’ हे दाखवण्यावर. ते दाखवून झाले आहे. आता पैसा आणि लक्ष बांधापासून भट्टीपर्यंतच्या वाटेवर लागायला हवे. कोळसा पाडण्याचे काम गावाजवळ आणि सक्रिय करण्याचे काम औद्योगिक वसाहतीत, अशी विभागणी केली तर वाहतुकीचा मोठा प्रश्न सुटतो, कारण कोळशाचे वजन काडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असते आणि तो पावसाळ्यात शेडखाली साठवता येतो. कापसाच्या पट्ट्यातील जिनिंग कारखान्यांकडे जागा, वजनकाटा आणि वीज आहे. शेतकऱ्यांचा तिथे राबता आहे. हंगामानंतर ती आवारे बरीचशी मोकळी असतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तुकडे करणारी यंत्रे भाड्याने फिरवावीत आणि बंद भट्ट्या अशा आवारांत लागाव्यात. उघड्या खड्ड्याला परवानगी नको, हे सुरुवातीलाच ठरले पाहिजे. उद्योग उभा राहिल्यावर ते ठरवणे कठीण जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाव. तो ट्रॉलीवर न ठरता वजनावर आणि ओलावा मोजून ठरावा, तोही वेचणी संपण्यापूर्वी. शेतकऱ्याला पऱ्हाटीतून लखपती होण्याची अपेक्षा नाही. उपटणीचा खर्च निघाला, रान वेळेत मोकळे झाले आणि बोंडअळीचे घर बांधावर उरले नाही, तरी त्याचा फायदा आहे. तेवढी हमी देणारी योजना आली, तर आगपेटी खिशातच ठेवायला तो तयार होईल. ती हमी नसेल, तर प्रयोगशाळेत आयोडीन नंबर कितीही चांगला आला तरी पुढच्या फेब्रुवारीतही बांधावर धूर दिसेल.